आई, सेव्ह पॉइंट येऊ दे

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांना व्हिडिओ गेम म्हटलं की टीव्हीला जोडायचं ते नकली यंत्र, त्यात खुपसायची पिवळी कॅसेट, मारिओ आणि कॉन्ट्रा एवढंच आठवतं. आम्ही थोडे जण मात्र जरा उशिरा भलत्याच नादाला लागलो. घरात कॉम्प्युटर आल्यावर माझा मावसभाऊ (आमचा दादा) मुंबईला गेला की लॅमिंग्टन रोडवरून सीड्या आणायचा. (त्या अस्सल नव्हत्या, हे वेगळं सांगायला नको.) त्यातल्या एका सीडीवर एम्युलेटर, म्हणजे जुनी गेमयंत्रं कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम, होता आणि जुन्या जपानी गेमांची रास होती. तिथे आम्हाला आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, सापडले. तीनचार जणांची टोळी घेऊन गावोगाव हिंडायचं, दिसेल त्याच्याशी बोलायचं, रानात राक्षस आडवे आले की आळीपाळीनं वार करायचे, लढून लढून ताकद वाढवायची आणि तीसचाळीस तासांनी जग वाचवायचं.

आता कानशिलावर पांढरे केस दिसू लागलेत आणि हेच गेम नव्या वेष्टनात फोनवर, टीव्हीवर परत आलेत. तेव्हाचं खेळणं आणि आताचं खेळणं, दोन्हींतून जे हाती लागलं ते लिहितो.

१. यंत्र तोकडं होतं हे बरंच झालं

ड्रॅगन क्वेस्ट हा या घराण्याचा मूळपुरुष. २७ मे १९८६ रोजी एनिक्स कंपनीनं तो जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आणला. रचना युजी होरी यांची, चित्रं ‘ड्रॅगन बॉल’वाल्या अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचं. अख्खा गेम ६४ किलोबाइटचा. आज फोनवर काढलेला साधा फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो.

जागेची ही चणचण पडद्यावर जागोजागी दिसते. मूळ जपानी आवृत्तीत नायकाला पाठच नाही. तो कुठल्याही दिशेला चालला तरी तोंड तुमच्याकडे. त्यामुळे कुणाशी बोलायचं तर आधी ‘बोला’ निवडायचं आणि मग कुठल्या दिशेला बोलायचं तेही सांगायचं, उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम. गुहेत शिरलं की मिट्ट काळोख, मशालीपुरता चौकोन तेवढा उजळलेला. लढाईत राक्षसाचं एक स्थिर चित्र आणि खाली मजकूर. तलवार चालताना दिसत नाही, वार झाला हे वाचायचं.

उरलेलं आम्ही मनानं भरलं. त्या राजवाड्याच्या भिंती किती उंच होत्या, दालनात कसला वास होता, हे मी आजही सांगू शकतो आणि गेममध्ये तसलं काहीही नव्हतं. या गेमांची ओढ इतकी चिवट का, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. निम्मं काम त्यांनी आमच्यावर टाकलं होतं, आणि स्वतः राबून उभं केलेलं माणूस सहजी विसरत नाही.

२. शेजारी वही हवी

सुरुवातीच्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये गेम साठवून ठेवायची सोयच नव्हती. खेळ थांबवताना पडद्यावर अक्षरांची एक माळ यायची, ती उतरवून घ्यायची आणि पुढच्या वेळी जशीच्या तशी भरायची. पहिल्या भागात वीस अक्षरं, दुसऱ्यात बावन्नपर्यंत. एक अक्षर चुकलं की सगळा पराक्रम पाण्यात. जपानमध्ये आज पन्नाशीत असलेल्या माणसांपाशी त्या माळेचा विषय काढून बघा. तिसऱ्या भागात कॅसेटमध्ये बॅटरी आली आणि हा जाच संपला. तो भाग १० फेब्रुवारी १९८८ ला आला, वार बुधवार. दुकानांसमोर रांगा लागल्या, पोरांनी शाळा बुडवल्या, पहिल्याच दिवशी दहा लाखांवर प्रती खपल्या. चौथा भाग मग रविवारी काढला. ‘गेम सुट्टीच्या दिवशीच विकायचा, असा जपानात कायदा झाला’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तसा कायदा कधीच नव्हता.

आम्ही या गेमांना भिडलो तेव्हा पासवर्ड गेले होते, पण वही सुटली नव्हती. कुठल्या गावातली म्हातारी कुठल्या किल्लीबद्दल बोलली, कुठला दरवाजा बंद आहे, कुठल्या विहिरीत उतरता येतं, हे गेम लक्षात ठेवत नसे. ‘इथे जा’ म्हणणारा बाण नव्हता. दोनशेपानी वहीची मागची पानं अशा नोंदींनी भरलेली असत. गणिताच्या बाईंनी ती उघडली तेव्हा त्यांना हा कसला तरी भूगोलाचा प्रकल्प वाटला.

३. वीज जायच्या आत सेव्ह करा

ही शिकवण खास महाराष्ट्राची. आमच्या ऐन खेळायच्या वर्षांत भारनियमन जोरात होतं. वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज त्या वेळापत्रकाच्या थोडी आधीच जायची. जपानी आरपीजीत मनात येईल तिथे सेव्ह करता येत नाही. गुहेत खोल कुठेतरी, बहुधा मोठ्या राक्षसाच्या उंबरठ्यावर, सेव्ह पॉइंट असतो. तिथपर्यंत पोचायचं. एम्युलेटरमध्ये कुठेही सेव्ह करायची पळवाट होती, पण दादाच्या कायद्यानं तिला बंदी होती.

त्यामुळे जेवायची हाक आली की आमचं उत्तर ठरलेलं, “आई, सेव्ह पॉइंट येऊ दे.” आईला वाटायचं, पॉइंट म्हणजे रिक्षा किंवा एसटीसारखं काही असावं, वेळेवर न येणारं. पुढे पुढे ती ताट वाढायच्या आधीच विचारायची, “आला का रे तुझा पॉइंट?”

अस्सल कॅसेटवाल्यांचं दुखणं निराळं. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरच्या कॅसेटमधली बॅटरी आतलं घड्याळही चालवते, म्हणून ती लवकर संपते आणि जपून ठेवलेले सगळे पोकेमॉन जातात. कुणाच्या कपाटात ती कॅसेट पडून असेल तर बॅटरी बदलून मिळते, पण जे गेलं ते गेलं.

४. कान डोळ्यांपेक्षा जास्त धरून ठेवतात

फॅमिकॉमनंतर आलेल्या सुपर फॅमिकॉमच्या ध्वनियंत्रणेला सगळी मिळून ६४ किलोबाइट स्मृती. एका वेळी आठ आवाज. त्यात बासरीही बसवायची आणि ढोलही. चाली छोट्या असत आणि पुन्हापुन्हा वाजत. गावात शिरलं की गावाची चाल, लढाई लागली की लढाईची, जिंकलं की विजयाची. चाळीस तासांत लढाईची चाल शेकडो वेळा कानावर पडते. ती विसरायची म्हटली तरी शक्य नाही.

पण ही पुनरावृत्ती नुसती नाइलाजाची नव्हती, हुशार माणसांनी तिचा डाव म्हणून वापर केला. १९९७ च्या फायनल फँटसी ७ मध्ये पहिल्या सीडीच्या शेवटी नायकाची साथीदार एरिथ मरते. (इतक्या वर्षांनी हे गुपित राहिलेलं नाही.) लगेच लढाई सुरू होते. एव्हाना पडदा गरगरला की लढाईचा ठेका वाजणार, हे कानाला पाठ झालेलं असतं. इथे तो वाजतच नाही. नोबुओ उएमात्सूंची एरिथसाठीची संथ चाल तशीच चालू राहते आणि तिच्यावर तुम्हाला आज्ञा देत राहावं लागतं, वार, मंत्र, औषध. माझ्या मावसभावानं तेव्हा कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि पाणी प्यायला गेला. बराच वेळ आला नाही.

त्याच उएमात्सूंनी १९९४ च्या फायनल फँटसी ६ मध्ये अख्खा ऑपेरा बसवला. सेलेस ही लढवय्यी मुलगी गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहते. आधी रंगपटात बसून तिची पदं तुम्ही वाचायची, पाठ करायची आणि प्रयोगात योग्य ओळ निवडायची. फार चुकलात तर प्रयोग बंद. यंत्राला माणसाचा गळा काढता येत नव्हता, म्हणून शब्द पडद्यावर येतात आणि त्यांच्या जागी गळ्यासारखा एक सूर वाजतो. माझे आजोबा नाट्यसंगीताचे पक्के भोक्ते. शेजारच्या खोलीतून उठून आले आणि म्हणाले, “नाटक आहे होय? मग गातंय कोण?” मी म्हटलं, “कुणीच नाही.” ते खुर्ची ओढून प्रवेश संपेपर्यंत बसले. निकाल दिला, “पदाची चाल बरी आहे. नट नवखे आहेत.”

२३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू झालं ते सुगियामांच्या ड्रॅगन क्वेस्टच्या सलामीनं. पुढे फायनल फँटसी आणि क्रोनो ट्रिगरच्या चालीही वाजल्या. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन चालत होते आणि मी घरच्यांना ‘हे संगीत ऐका, हे ऐका’ म्हणून हैराण करत होतो. सुगियामा त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० सप्टेंबरला गेले.

५. जत्रेतला डबा

क्रोनो ट्रिगर आला ११ मार्च १९९५ ला. फायनल फँटसीचे हिरोनोबु साकागुची आणि ड्रॅगन क्वेस्टचे होरी व तोरियामा एकत्र आले, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी घराण्यांची जुगलबंदीच. संगीत यासुनोरी मित्सुदा या तरुण मुलाचं. कामाच्या ताणानं त्याला पोटाचा अल्सर झाला, तेव्हा उरलेल्या काही चाली उएमात्सूंनी केल्या.

सुरुवातीला राज्याच्या हजाराव्या वर्षाची जत्रा भरलेली असते. नायक क्रोनो एका मुलीला धडकतो, तिचं पदक पडतं. आधी पदक उचलायचं की तिला काय झालं ते बघायचं? एका टेबलावर कुणाचा तरी डबा ठेवलाय. खाल्ला तर थोडी ताकद भरून येते, कुणी अडवत नाही. एका छोट्या मुलीचं मांजर हरवलंय. पदकवाली मुलगी खाऊच्या दुकानापाशी रेंगाळते, तर थांबायचं की ओढत पुढे न्यायचं? आरपीजी खेळणाऱ्याचा हात तोवर निर्ढावलेला असतो. दुसऱ्यांच्या घरात शिरून कपाटं उघडणं, मडकी फोडणं, पेट्यांतलं धन खिशात घालणं हा त्याचा नित्यनेम. डबा त्यापुढे काय!

तासादोन तासांनी क्रोनोला राजकन्येच्या, म्हणजे त्याच पदकवाल्या मुलीच्या, अपहरणाच्या आरोपाखाली कोर्टात उभं करतात आणि साक्षीदार येऊ लागतात. डबेवाला येतो. मांजरवाली मुलगी येते. तू आधी पदकाकडे धावलास की राजकन्येकडे, तेही निघतं. गेम गप्प बसून सगळं टिपत होता. मी त्याआधी आणि नंतर बरेच गेम खेळलो, पण खुर्चीत असा सावरून कधी बसलो नाही. आणखी गंमत पुढे आहे. ज्युरीनं निर्दोष म्हटलं तरी प्रधानाच्या कारस्थानानं रवानगी तुरुंगातच होते. वागणुकीनं निकाल बदलत नाही, तुमची नोंद तेवढी बदलते. तेराचौदा वर्षांच्या मुलाला कोर्टाची एवढी ओळख पुरे.

६. आपले देव तिथे भेटतील, दचकू नका

फायनल फँटसीत शिवा आहे. ती बाई आहे आणि बर्फ फेकते. तिसऱ्या भागात गरुड दुष्टांच्या पक्षात आहे, चौथ्यात असुरा ही तीन तोंडांची राणी आहे. तेराव्या भागात तर शिवा म्हणजे दोन बहिणी आणि त्या दोघी मिळून मोटरसायकल होतात. आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “बर्फ म्हणजे कैलासच की.”

७. घरची आठवण हा आजार असतो

शिगेसातो इतोई हे मुळात जाहिरातींचे मजकूर लिहिणारे. त्यांचा मदर २ हा गेम १९९४ मध्ये जपानात आला, पुढच्या वर्षी अर्थबाउंड नावानं अमेरिकेत. यात राजवाडे नाहीत. टोपी घातलेला एक शाळकरी मुलगा बेसबॉलची बॅट घेऊन घरून निघतो. सुरुवातीलाच गेम विचारतो, तुझ्या आवडीचं घरचं खाणं कोणतं? मोजक्याच अक्षरांत बसवायचं होतं, मी ‘पोहे’ लिहिलं.

पुढे दूरच्या गावात नायक ऐन लढाईत भान हरपून उभा राहू लागला. वार करायचा सोडून आईची आठवण काढतोय, पोह्यांची आठवण काढतोय! विष उतरवायचं औषध चालेना, मंत्र चालेना. यावर इलाज एकच, टेलिफोन गाठायचा आणि आईशी बोलायचं. वडील या गेममध्ये कधी दिसतच नाहीत. फोनवर असतात. तेच गेम सेव्ह करून देतात, बँकेत पैसे भरतात आणि फार वेळ खेळलात तर स्वतःहून फोन करून ‘थोडी विश्रांती घे’ म्हणतात. माझे वडील तेव्हा बदलीच्या गावी असायचे आणि रविवारी रात्री एसटीडी बूथवरून फोन करायचे. हा गेम जपानी आहे असं मला फार काळ वाटलंच नाही.

हॉस्टेलला गेल्यावर आईला फोन करण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. त्याचं थोडं श्रेय इतोईंना.

८. मागे जाता येतं, फारसं काही हलवता येत नाही

ड्रॅगन क्वेस्ट ५ हा १९९२ चा. अधिकृत इंग्रजीत तो २००९ मध्ये निन्टेन्डो डीएसवर आला, म्हणून मी खेळलो तेव्हा नोकरीला लागलेलो होतो. हा गेम पोरवयात खेळून भागत नाही, असं माझं मत आहे. यात जग वाचवण्यापेक्षा आयुष्य जगण्यातच जास्त वेळ जातो. नायक लहान असताना वडिलांचं बोट धरून हिंडतो. मुलाच्या गळ्याला कोयता लावलेला असल्यामुळे वडील प्रतिकार करत नाहीत आणि त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात. पुढची दहा वर्षं गुलामीत. मग लग्न, आणि तेही कुणाशी करायचं ते तुम्ही ठरवायचं. (जपानात यावरून अजून दोन तट आहेत. मी बियांकाच्या बाजूचा, चर्चेला वाव नाही.) मुलं होतात, नायक दगडाचा पुतळा होऊन आठ वर्षं उभा राहतो. शेवटी कळतं की भविष्यवाणीतला वीर तो नव्हेच, त्याचा मुलगा आहे.

या सगळ्याच्या अगदी सुरुवातीला, बालपणात, गावात एक परका तरुण भेटतो. तुझ्याजवळचा सोनेरी गोळा जरा बघू दे म्हणतो, परत करतो आणि काहीही झालं तरी खचू नकोस असं सांगून जातो. आपण विसरून जातो. पुष्कळ तासांनंतर मोठा झालेला नायक एका चित्रातून भूतकाळात शिरतो आणि त्याच गावात येऊन पोचतो. समोर एक लहान मुलगा उभा असतो. तो परका तरुण आपणच होतो.

गोळ्याची अदलाबदल करायची, तेवढ्यासाठीच आलेलो असतो. पण वडील त्या वेळी घरात असतात, जिवंत. त्यांच्यापाशी जाऊन बोलता येतं. पुढे जाऊ नका, असं सांगूनही बघता येतं. ते विश्वास ठेवत नाहीत.

बालपणीचे गेम शोधत फिरणाऱ्या आमच्या पिढीसाठी याहून नेमका प्रसंग कुणी रचलेला मला माहीत नाही, आणि तो रचला गेला तेव्हा आम्ही शाळेतही नीट जात नव्हतो.

९. परत जाल तेव्हा

जुन्या गेमांत ताकद वाढवण्यासाठी एकाच रानात गोलगोल फिरून तेच राक्षस मारावे लागत. तेव्हा सुट्टी होती. आता फायनल फँटसीच्या पहिल्या सहा भागांच्या नव्या आवृत्त्यांत अनुभवाचे गुण चौपट करता येतात, वाटेतल्या लढाया बंदही करता येतात. खुशाल करा, दादाचा कायदा आता लागू नाही. पण वही मात्र घ्या. नेटवरची तयार उत्तरं वाचत खेळलात तर गेम संपेल आणि हाती काही लागणार नाही.

फायनल फँटसी ७ चं २०२० मधलं नवं रूप देखणं आहे. जुन्या गेममधला मिडगार शहराचा काही तासांचा भाग ताणून त्याचा पूर्ण गेम केलाय. मला तो आवडला, पण तो आमचा गेम नव्हे. त्यात मनानं भरायला जागा उरलेली नाही. २०२४ च्या ड्रॅगन क्वेस्ट ३ नं मात्र जुनी ठेंगणी माणसं तशीच ठेवली आहेत, आणि ते जास्त शहाणपणाचं वाटलं.

यातलं काहीच खेळला नसाल तर क्रोनो ट्रिगरपासून सुरुवात करा. फोनवर विकत मिळतो, वीसपंचवीस तासांत होतो आणि त्याची चित्रं अजून शिळी वाटत नाहीत. जत्रेत हवं तेवढं हिंडा. त्या माणसाचा डबा तेवढा खाऊ नका.